अंग खाली आल्यानंतर कोणता व्यायाम

माझा नवरा नितीन म्हणाला, "लिहायचंच असेल तर नाव बदलून लिही." म्हणून बाकी सगळ्यांची नावं बदलली आहेत. माझं तेवढं ठेवलंय. मी स्वाती. जळगावात राहते, धरणगावच्या एका शाळेत खेळ शिकवते, दोन मुलांची आई आहे. माझं अंग खाली आलं होतं. म्हणजे गर्भाशय आपली जागा सोडून खाली सरकलं होतं. आता मी बरी आहे, पण राग गेलेला नाही, आणि तो गेल्यावर लिहू म्हटलं तर लिहून व्हायचंच नाही.

एखादीला आज न्हाणीघरात ते हाताला लागलं असेल आणि ती दार लावून तशीच बसून राहिली असेल. मीही तशीच बसले होते.

सपाट पोट

इरा माझी दुसरी मुलगी. तिच्या बाळंतपणानंतर मी शाळेत परत गेले, तेव्हा स्टाफरूममध्ये पहिलं वाक्य ऐकलं ते असं, "मॅडम, तुम्ही पीटीच्या आणि तुमचं पोट असं?" बोलणाऱ्या सरांचं स्वतःचं पोट टेबलाला टेकलं होतं. सगळे हसले. मीही हसले, याचा मला आज जास्त राग येतो.

त्याच आठवड्यात माझी नणंद मनीषा हिने पुण्याहून मोबाइलवर एक कोर्स पाठवला. घरच्या घरी व्यायाम, खास बाळंतिणींसाठी, पोट सपाट. शिकवणारा एक पिळदार दंडांचा मुलगा होता. बाळंतपण त्याने लांबूनही पाहिलं नसावं. पण आवाज असा की ऐकणाऱ्याला वाटावं, आपण थांबलो तर आपल्यासारखा आळशी जगात कोणी नाही.

मी खो-खो खेळलेली. थांबायचं मला ठाऊकच नव्हतं. दिवाण आणि टीव्हीच्या मधल्या जागेत मी उड्या मारायचे, पाठीवर पडून पाय वर, डोकं वर, पोट आवळून. माझा मोठा मुलगा सोहम शेजारी माझी नक्कल करायचा. इरा रडली की तिला पोटावर बसवून पुढचा व्यायाम. मग डबे, बस, शाळा. नितीन रावेरला एका केळीच्या पॅकिंग सेंटरवर हिशेबाचं काम करतो. हंगामात तो उजाडताना जायचा आणि मुलं झोपल्यावर यायचा. घरात आई, म्हणजे माझ्या सासूबाई होत्या. मुलं त्याच सांभाळायच्या.

थोड्याच दिवसांत उडी मारली की लघवीचे थेंब गळायला लागले. मी कोर्सवाल्यांना लिहिलं. उत्तर आलं, "नॉर्मल आहे मॅम. पॅड लावून करा. थांबू नका."

मी पॅड लावून केलं. पीटीच्या पदवीला आम्हाला गुडघा शिकवला, खांदा शिकवला, मुरगळलेल्या घोट्याला पट्टी कशी बांधायची ते शिकवलं. ओटीपोटाच्या तळाशी स्नायू असतात, त्यांच्यावर सगळा भार तोललेला असतो, बाळंतपणात ते ताणले जातात, फाटतात, हे कुणी शिकवलं नाही. शिकलेली मी ही अशी. मग न शिकलेलीने कुणाकडे बघायचं?

बादली

जळगावचा उन्हाळा काही सांगायला नको. दुपारी शाळा सुटून आले की कूलरची टाकी कोरडी असायची. मी न्हाणीघरातून भरलेली बादली उचलली आणि खाली काहीतरी घसरलं. दुखलं नाही. पिकलेलं फळ देठावरून सुटावं तसं काहीतरी झालं. आत जाऊन हात लावून पाहिलं, तर एक मऊ गोळा होता. जिथे काही नसायला हवं तिथे.

मला वाटलं, कॅन्सर. मी न्हाणीघरातच पाटावर बसले. बाहेर इरा दार वाजवत होती आणि मी तिला म्हणत होते, "आले, बाळा, आले." उठायची हिंमत होत नव्हती. उठले तर सगळंच खाली पडेल असं वाटत होतं.

डॉक्टर कुणाशी बोलले

दवाखान्यात तपासणी झाली. मी अजून टेबलावरच होते, पाय सावरत होते, तोवर डॉक्टर पडद्याबाहेर गेले आणि नितीनशी बोलायला लागले.

"गर्भाशय खाली आलंय. दोन मुलं झाली ना? मग आता पिशवीचं काय काम? काढून टाकू. कटकट मिटली."

"हो, हो," नितीन म्हणत होता. तो घाबरला की सगळ्याला हो म्हणतो.

माझं शरीर पडद्याच्या अलीकडे आणि त्याचा निकाल पडद्याच्या पलीकडे. मी साडी नीट करून बाहेर आले आणि विचारलं, "दुसरा काही उपाय नाही का?"

"छोटं ऑपरेशन आहे, मॅडम. घाबरू नका."

मी घाबरल्याचं बोललेच नव्हते. पुन्हा विचारलं, "व्यायामाने काही होतं का?"

ते हसले. "व्यायामानेच तर झालंय तुमचं." त्यांच्या मागे उभी असलेली नर्सही हसली. पुढच्या पेशंटला हाक गेली. किती खाली आलंय, वाढेल का, मुलीला उचलू की नको, काही नाही. मला तर एवढंच विचारायचं होतं की हा गोळा कॅन्सर तर नाही ना. तेही मी घरी येऊन मोबाइलवर शोधलं.

गाडीवर नितीन म्हणाला, "आईला सांगू नको. ती घाबरेल."

आई

मी सांगितलं. घरात रोज मुलांना उचलून घेणाऱ्या बाईपासून ते लपवणार कसं? आई मेथी निवडत होत्या. गावाकडच्या आहेत, घरात आमच्याशी खानदेशीतच बोलतात. त्यांनी ऐकून घेतलं, हात थांबवला नाही.

"मन्हं बी तसंच शे," त्या म्हणाल्या.

मला कळेना. "काय तसंच आहे?"

"अंग. नितीनना येळले व्हयनं. तवपाशीन शे." नितीनच्या जन्मापासून. "बठ्ठ्या बायास्ले व्हस. सांगानं काय त्याम्हा?" सगळ्याच बायकांना होतं, त्यात सांगायचं काय.

मग मेथीची देठं बाजूला करत त्यांनी सगळं सांगितलं. सकाळी उठल्यावर ठीक असतं. दुपारपर्यंत खाली येतं. शेतात असताना आडोशाला जाऊन हाताने आत सारायच्या, घट्ट फडकं बांधायच्या आणि पुन्हा निंदणीला बसायच्या. खोकला आला की भीती. लग्नाकार्यात पंगतीत बसायला नको. लोक म्हणायचे, नितीनच्या आईला कुठे जायची हौसच नाही.

माझं लग्न होऊन इतकी वर्षं झाली. त्या माझ्या दोन्ही मुलांची मालिश करत बसल्या, पाण्याच्या घागरी भरत बसल्या, आणि मला पत्ता नाही. मला त्या क्षणी त्यांची दया आली नाही. चीड आली. दोन्ही बाळंतपणांत त्यांनी मला डिंकाचे लाडू चारले, कानाला रुमाल बांधायला लावला, थंड पाण्याला हात लावू दिला नाही. एवढी एक गोष्ट सांगितली असती तर?

"तुम्ही मला का नाही सांगितलं?"

"सांगीसन काय व्हतं?" त्या म्हणाल्या. आणि मेथी धुवायला उठल्या. उठताना त्यांनी गुडघ्यावर हात ठेवला. ते मी रोज पाहत होते, गुडघे दुखतात समजत होते.

वॉर्डात

ऑपरेशन ठरलं. मला नको होतं, पण हवं काय तेही माहीत नव्हतं, आणि घरात सगळ्यांना लवकर उरकून हवं होतं. इराला माझ्या आईकडे धुळ्याला ठेवलं. ती माझ्या अंगावर पीत होती. तिला सोडून येताना काय झालं ते लिहीत नाही.

वॉर्डचा दिवस ठरलेला असतो. आधी फरशी पुसतात, मग ताप बघतात, मग चहा येतो, तो तुम्हाला प्यायचा असो वा नसो. मग एकजण येऊन विचारते, "पेशंटसोबत पुरुष माणूस कोण?" मी म्हटलं, "मी स्वतः आहे ना." ती म्हणाली, "तसं नाही, मॅडम, कोणीतरी जबाबदार." हे वाक्य मी विसरणार नाही.

शेजारच्या खाटेवर शमीमआपा होत्या. भडगावच्या, शिवणकाम करणाऱ्या. वयाने माझ्या आईएवढ्या. दुपारी त्यांनी मला पपईची फोड दिली, मला पोट रिकामं ठेवायचंय कळल्यावर परत घेतली, आणि विचारलं, "तुला काय झालं, बेटा?"

मी सांगितलं. पिशवी काढणार म्हटलं.

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "माझी तर कधीच काढली. आता वरचं उरलंय ते बी खाली आलं. त्याच्यासाठीच आले मी परत. टाके घालून वर बांधणार म्हणे."

"म्हणजे काढूनही खाली येतं?"

"माझं तर आलं. तवा मला बी असंच सांगितलं होतं, झंझट मिटली."

प्रत्येकीचं असं होत नाही, हे मला नंतर कळलं. ऑपरेशन वाईट असंही मी म्हणत नाही. कुणाला ते लागतं, शमीमआपांना लागलं आणि त्यांना बरं वाटलं. पण तेव्हा माझ्या डोक्यात एकच गोष्ट वाजत होती. मला कुणी हे सांगितलं नाही. मी विचारलं होतं, आणि सांगितलं नाही.

डॉक्टर फेरीला आले तेव्हा नितीनही आला होता. मी उठून बसले. "काढल्यावर बाकीचं खाली येऊ शकतं का?"

त्यांनी आधी शमीमआपांच्या खाटेकडे पाहिलं, मग नितीनकडे. "हे असे प्रश्न आदल्या दिवशी विचारतात का?"

"आधी विचारले तेव्हा तुम्ही हसलात."

ते म्हणाले, "तुम्हाला नको असेल तर जा. सही करून जा. पुढे त्रास झाला तर जबाबदारी तुमची."

"माझीच आहे," मी म्हटलं, आणि सही केली.

नितीन जिन्यात माझ्याशी भांडला. सगळं ठरलं होतं, त्याने सुट्टी काढली होती, डॉक्टरांसमोर त्याची काय इज्जत राहिली. "तुला काही झालं तर मुलांना मी काय सांगू?" असं म्हणताना त्याचा आवाज फाटला. तेव्हा मला दिसलं की हाही घाबरलाय. पण मी त्याला जवळ घेतलं नाही. माझ्यात तेवढी जागाच नव्हती. आम्ही बरेच दिवस कामापुरतं बोलत होतो.

धुळे

मी सोहमला घेऊन माहेरी गेले, इरा तिथेच होती. माझ्या आईने ओळखीतून एका डॉक्टरबाईंचं नाव काढलं. शेवटी नितीनही आला, न बोलता, बसने. बाईंनी आम्हा दोघांना समोर बसवलं आणि त्याला म्हणाल्या, "त्या बोलतील, तुम्ही ऐका."

त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. चारपैकी दुसऱ्या पायरीवर आहे. जिवाला धोका नाही. कॅन्सर नाही. सध्या आतून आधार द्यायला रबराची रिंग बसवू, सोबत स्नायूंचे व्यायाम, काही महिने. त्याने भागलं तर भागलं. नाही भागलं तर ऑपरेशनचं तेव्हा बोलू, आणि कुठलं ऑपरेशन, त्याचं पुढे काय होऊ शकतं, तेही सांगेन.

मला तिथे रडू आलं. वाक्यं साधी होती, पण इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी मला सांगत होतं.

व्यायाम शिकवायला त्यांच्याकडे एक फिजिओथेरपिस्ट होती, प्राजक्ता. तिने मला पाठीवर झोपवलं, पाय खुर्चीवर ठेवले आणि म्हणाली, "श्वास सोडा आणि खालचे स्नायू आत, वर ओढा. पोट आवळू नका. नितंब आवळू नका. नुसतं तेवढंच."

मला जमेना. शंभर मुलींना मैदानावर पळवणारी मी, आणि एक स्नायू सापडेना. मी चिडून म्हटलं, "हा काय व्यायाम आहे?"

"तुम्ही जे करत होतात ते काय होतं?" तिने शांतपणे विचारलं.

मग तिने मला रोजचं उचलणं पुन्हा शिकवलं. आधी श्वास सोडायचा, तळ आत ओढायचा, मग मूल उचलायचं. खोकण्याआधी आत ओढायचं. बसमध्ये चाकावरच्या सीटवर बसायचं नाही. संडासला जोर करायचा नाही. या गोष्टी पोराबाळांच्या गोंधळात, पोळ्या लाटताना, फळ्यापाशी उभं राहून होतात. वेगळा वेळ लागत नाही, जो कुठल्याही आईकडे नसतो. हे ज्याने कोर्स विकला त्याला माहीत असायला हवं होतं.

चांगल्या गोष्टीही घडल्या, त्या न लिहिणं बरोबर नाही. नितीन कूलरमध्ये पाणी भरायला लागला, न सांगता. शाळेत भावसार मॅडम उड्यांचं प्रात्यक्षिक माझ्याऐवजी करू लागल्या. त्या संस्कृत शिकवतात आणि त्यांची उडी बघून मुली लोळायच्या, तरी त्या करत राहिल्या.

पुढचा कोर्स

काही महिन्यांनी प्राजक्ता म्हणाली, आता ताकद वाढवा, बैठका, रबरी पट्टा, थोडं वजन. घरी कुणाचा तरी कोर्स लावलात तरी चालेल, पण नीट निवडा.

निवडायचं म्हटल्यावर मी सगळ्यांना एकच प्रश्न लिहून पाठवला. माझं अंग खाली आलं होतं, आता सावरतंय, तुमच्या व्यायामात काय बदल कराल?

एकाने लिहिलं, "मॅम, आमचा कोर्स सगळ्यांसाठी आहे, आजच घेतला तर सवलत." दुसऱ्याकडून एका मुलीच्या आवाजातला मेसेज आला, "पॉझिटिव्ह राहा, शरीर सगळं करू शकतं." जुन्या कोर्सवाल्यांनी तर प्रश्न वाचलाच नाही. त्यांनी मला पुनरागमनाबद्दल शुभेच्छा दिल्या. मी त्यांना लिहिलं की तुम्ही मला पॅड लावायला सांगितलं होतं, त्याचं काय झालं ते ऐकाल का. त्यांनी मला ब्लॉक केलं.

नाशिकच्या एका बाईंनी लिहिलं, "मला या त्रासाची माहिती नाही. तुमच्या फिजिओला विचारून काय चालेल, काय नाही ते सांगा. त्याशिवाय मी तुम्हाला घेणार नाही."

मी त्यांना निवडलं. मला "माहिती नाही" म्हणणारं माणूस हवं होतं. त्या मोजक्या बायकांना मोबाइलवर एकत्र घेतात. कुणाचं मूल मध्ये आलं तर थांबू देतात, कॅमेऱ्यात कुणाची कढई उतू गेली तरी ओरडत नाहीत. उड्या नाहीत. उचलताना श्वास कुठे आहे ते विचारतात. घाम कमी निघतो. माझं पोट अजून सपाट नाही, आणि स्टाफरूममधल्या त्या सरांना मी आता विचारते, तुमचं काय म्हणतंय?

तुम्हाला निवडायचं असेल तर एवढं बघा. शिकवणारी व्यक्ती तुम्हाला आधी काही विचारते का. बाळंतपण कसं झालं, किती दिवस झाले, गळतं का, खाली जड वाटतं का. जी न विचारता मोजायला लागते तिला सोडा. व्यायामानंतर खाली जडपणा वाढला तर तो व्यायाम तुमचा नाही, मग जग काहीही म्हणो. आणि गळणं पुष्कळजणींना होतं, म्हणून ते ठीक आहे असं नाही. पुष्कळजणींना होतं आणि कुणी बघत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

आईंचा नंबर

आईंना धुळ्याला न्यायला मला फार बोलावं लागलं. "या वयम्हा मी काय दखाडू डाक्टरले?" एवढंच त्या म्हणायच्या. शेवटी नितीनने त्यांच्यासमोर बसून म्हटलं, "आई, मना येळले व्हयनं ना? मंग मीच लई जास तुले." म्हणजे मीच घेऊन जातो. त्याला हे मीच सांगितलं होतं. ते वाक्य बोलताना त्याने मान वर केली नाही. त्याचं मला कौतुक वाटलं, आणि ते मी त्याला सांगितलंही.

बाईंनी तपासलं, रिंग बसवली, चालून बघायला सांगितलं. आई दवाखान्याच्या व्हरांड्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत गेल्या आणि परत आल्या. पुन्हा गेल्या. मग मुद्दाम खोकून पाहिलं. माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं हसतील. त्यांचं तोंड लाल झालं होतं.

"इतलं सोपं व्हतं," त्या म्हणाल्या. "इतलं सोपं व्हतं, तं मना जलम काबं गया त्याम्हा?" अख्खा जन्म त्यात का गेला, हे त्या मला विचारत होत्या.

त्यांना मी कधी रागावलेलं पाहिलं नव्हतं. सासूने सांगितलं नाही, सुईणीने सांगितलं नाही, तालुक्याच्या डॉक्टरने नितीनच्या वेळी बघून न बघितल्यासारखं केलं. बसस्टँडपर्यंत त्या एकेकाचं नाव घेत चालल्या. मी ज्यांचं आडनाव लावते तो सगळा गोतावळा त्यातून सुटला नाही.

जळगावच्या बसमध्ये वाटेपलीकडच्या सीटवर एक बाई बसली होती, डोक्यावर पदर, मांडीवर पिशवी. खड्डा आला की ती सीटवरून अर्धवट उठायची आणि दात आवळायची. आई तिला बघत राहिल्या. मग सगळ्या बसला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "माय, तुन्हं बी अंग खाले येस का?"

पुढच्या सीटवरच्या माणसाने मान वळवली. नितीनने खिडकीबाहेर पाहिलं. त्या बाईने पदर आणखी पुढे ओढला. पारोळा गेलं, एरंडोल आलं. तिथे आईंच्या बाजूची जागा रिकामी झाली, तेव्हा ती उठून आईंना खेटून बसली आणि म्हणाली, "तुम्ही कोणत्या डॉक्टरकडे गेला होतात?"